बॅटरीबाईंचा बिनतारी कारभार

बॅटरीबाईंना आईवडिलांनी ठेवलेलं एक नाव होतं, पण पगारपत्रकाबाहेर ते कुठे वापरात असल्याचं आमच्या ऐकिवात नाही. सभागृहाच्या मागच्या दाराशी बावीस वर्षं हातात बॅटरी घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला लोक आणखी काय म्हणणार? दिवे गेले, पडदा वर गेला, की उशिरा आलेला प्रेक्षक अंधारात चाचपडत आत शिरायचा आणि त्याच्या पायापुढे बशीएवढा उजेडाचा गोल उमटायचा. गोल पुढे, प्रेक्षक मागे. खुर्ची आली की गोल थांबायचा. बाई चकार शब्द बोलत नसत. उशिरा येणाऱ्याला लाज वाटावी एवढा उजेड आणि शेजाऱ्याची झोपमोड होऊ नये एवढा अंधार, हे प्रमाण त्यांच्या मनगटात बसलेलं होतं.

त्यांचे यजमान त्याच सभागृहाचे ध्वनिव्यवस्थापक. हा हुद्दा दारावरच्या पाटीपुरता. तोंडी नाव हॅलोमास्तर. प्रत्येक कार्यक्रमाआधी तासभर ते माइकपुढे उभे राहून "हॅलो, हॅलो" म्हणत, आणि त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत फारसं काही म्हणत नसत. "आमच्या ह्यांचं सगळं वक्तृत्व दोन शब्दांचं," बाई सांगत, "आणि ते दोन्ही शब्द एकच."

मास्तरांची केबिन वर, बाल्कनीच्या कडेला. सभागृह बांधलं तेव्हा तिथे सिनेमाचं यंत्र ठेवायचं घाटत होतं. यंत्र आलं नाही, खोली राहिली. पुढे जाड काच, बाजूला पंखा, मागे कुलपाचं लोखंडी कपाट. ध्वनिव्यवस्थेच्या दृष्टीने त्या खोलीत एकच दोष होता: तिथे आवाज ऐकू येत नसे.

हेडफोन होता, पण त्यात ऐकू येतं ते तारेतलं. कढईतली चव वेगळी आणि ताटात पडल्यावरची वेगळी, तसं सभागृहात तोच आवाज भिंतींना आपटून, छताला लागून, सतराव्या रांगेत पोचेपर्यंत पार बदललेला असे. मास्तर वाढणार, पण जेवणाऱ्याचा चेहरा त्यांना दिसणार नाही, अशी ती बैठक. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने तक्रारअर्ज केला असता. मास्तरांनी लग्न केलेलं होतं, त्यामुळे अर्जाची गरज पडली नाही.

बाईंचा कान तिखट. गाणं त्या शिकलेल्या नव्हत्या, यंत्रातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण माइकवरचा माणूस नाकात बोलतोय की छातीतून, हे त्यांना पहिल्या वाक्यात समजे. मागच्या दारातून केबिनची काच सरळ दिसते. हळूहळू नवराबायकोत उजेडाची एक भाषा तयार झाली. काचेवर बॅटरी एकदा लुकलुकली तर आवाज वाढवा. दोनदा लुकलुकली तर कमी. गोल फिरवला तर घुमतंय, आता शिट्टी मारेल. आडवी रेघ ओढली तर शब्द कळत नाहीत. आणि झोत सरळ छताकडे गेला तर: उत्तम, आता हात लावू नका.

ही शेवटची खूण बावीस वर्षांत सहा वेळा झाली. तारखा मास्तरांच्या वहीत आहेत.

थोडक्यात, सभागृहाच्या ध्वनियंत्रणेला बिनतारी रिमोट पहिल्यापासून होता. तो पायांवर उभा असायचा, एवढंच.

आणि यंदा पाय दमले. डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचे फोटो खिडकीला धरले, बराच वेळ पाहिले, आणि विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

"उभी असते," बाई म्हणाल्या.

"ते बंद करा."

संस्थेचे सचिव हे सरळ मनाचे गृहस्थ. आयुष्यभर एका कचेरीत त्यांनी प्रत्येक अडचणीवर मोकळी खुर्ची शोधली होती. इथेही त्यांनी तीच शोधली. "बाई, तिकीट खिडकी रिकामीच आहे. पुढच्या पहिल्या तारखेपासून तिथे बसा. पंखा आहे, उशी देतो. अजून काय पाहिजे?"

तिकीट खिडकी रस्त्याकडे तोंड करून. तिच्या आणि सभागृहाच्या मध्ये दोन दारं, एक जिना आणि अठरा इंचांची भिंत. तिथे बसणाऱ्याला आत गाणं चाललंय की भाषण, हे टाळ्यांवरूनच कळतं, आणि टाळ्या तर आमच्याकडे दोन्हीला सारख्याच पडतात.

बाई घरी आल्या, पिशवी ठेवली आणि म्हणाल्या, "मला बाहेर काढलं हो."

मास्तरांनी हेडफोन पुसता पुसता वर पाहिलं. "बढती आहे ना?"

"बढतीच. बहिऱ्यांच्या खात्यात."

मास्तरांनी हेडफोन खाली ठेवला. त्यांनाही एव्हाना कळलं होतं की बायको खिडकीवर गेली तर केबिनमधला माणूस पूर्ण बहिरा होणार. पण त्यांना स्वतःच्या कामापेक्षा तिच्या चेहऱ्याची काळजी जास्त होती. नाटकं, भाषणं, मुलांचे नाच, साठ साठ माणसांची समूहगीतं, सगळं ह्या बाईने फुकट आणि उभ्याने ऐकलेलं. माणसाला सवय लागते.

आता त्या मिक्सरबद्दल सांगायला हवं. शेजारच्या मावशींनी "मिक्सर" म्हणताच वाटण डोळ्यांपुढे आणलं, तसं वाचकांनी करू नये. हा आवाजाचा मिक्सर: अनेक माइकच्या तारा ह्यात येतात, प्रत्येकाचं प्रमाण ठरतं, आणि एकत्र झालेला आवाज स्पीकरला जातो. जुना मिक्सर दाराएवढा होता. दोन वर्षांपूर्वी तो वारला आणि त्याच्या जागी एक डिजिटल आला, मोठ्या पुस्तकाच्या आकाराचा. चार बटणं, एक गोल मूठ, एक छोटा पडदा. मास्तरांना तो सुरुवातीला पसंत नव्हता. "ह्याला हात कुठे लावायचा तेच कळत नाही," ते म्हणत. ह्या पुस्तकाएवढ्या मिक्सरबरोबर खरोखरच एक पुस्तक आलं होतं, एकशे बारा पानांचं. ते कोणी उघडलं नव्हतं.

बाईंना छापील काही दिसलं की वाचायची खोड. औषधाच्या खोक्यातली बारीक घडी, तिकिटामागचे नियम, रद्दीतली निविदासूचना. खिडकीवर जायच्या आधीचे वीस दिवस शिल्लक होते. डॉक्टरांच्या हुकमाने दुपारी पाय वर घेऊन पडायचं होतं. हाताशी काही नव्हतं म्हणून त्यांनी माहितीपुस्तिका घेतली. तिसऱ्या दुपारी एकसष्टाव्या पानावर त्या उठून बसल्या.

"अहो."

"हं."

"आपल्या मिक्सरच्या पाठीला रबराचं बूच आहे का?"

"आहे. धूळ जाऊ नये म्हणून."

"धूळ नाही हो. त्यात बिनतारी अँटेना बसते. अंगठ्याएवढी. मग टॅबलेटवर मिक्सर दिसतो, आणि हॉलमध्ये कुठेही बसून त्याचे आवाज वरखाली करता येतात."

मास्तरांनी पुस्तिका घेतली. पान वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग, लग्नानंतर पहिल्यांदाच असेल, ते लागोपाठ पाच वाक्यं बोलले. "कुठेही? बसून? म्हणजे तू बसून? अगं, मग खूण कोणाला करायची? तूच कर की."

त्या दिवशी दोघांनी चहा दोनदा केला आणि दोन्हीदा गाळायचा विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं दुकानात हजर. दुकानदाराने एक अँटेना पुढे सरकवली. "कुठल्याही यंत्राला चालते?" बाईंनी विचारलं. "आजकाल सगळं सगळ्याला चालतं," दुकानदार म्हणाला. ती मिक्सरला चालली नाही. मिक्सरने तिला ओळखच दाखवली नाही. बासष्टाव्या पानावर तळटीप होती की ठरावीक जातीच्याच अँटेना चालतील. तळटीप वाचायला बाई चुकल्या, हे आयुष्यात पहिल्यांदा घडलं, आणि ह्याचा दोष त्यांनी उत्साहावर ठेवला. दुकानदाराने अँटेना बदलून दिली. "जात विचारायला हवी होती," तो म्हणाला.

टॅबलेट मुलीकडून आला. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला. तिचा जुना, एक कोपरा उडालेला टॅबलेट तिने पाठवला, आणि फोनवरून जोडणी शिकवायला बसली.

"आई, आता मिक्सरचं नेटवर्क दिसेल. त्याला नाव दे."

"सभागृहाचंच देते."

"दे. आणि पासवर्ड ठेव."

"तो कशाला?"

"आई, कुलूप असतं ते. कोणी शिरू नये म्हणून."

इथे बाईंचा आवाज बदलला. बावीस वर्षांत त्यांना शिकवलेला पहिला नियम, तोच शेवटचा, दारावर लाल अक्षरात लावलेला: कार्यक्रम चालू असताना कुठल्याही दाराला कुलूप लावू नये. "कार्यक्रम चालू असताना मी कुलूप लावत नाही," त्या म्हणाल्या.

"अगं, हे ते दार नाही."

"दार ते दार. आत पाचशे बारा माणसं असतात. उद्या काही झालं म्हणजे?"

"नेटवर्कला आग लागत नाही, आई."

"तुला काय माहीत?"

मुलगी मीटिंगला गेली. नेटवर्क उघडं राहिलं.

मग आली ती दुपार. सभागृह रिकामं, सगळे दिवे चालू, रंगमंचावर एक माइक, त्याच्यापुढे टेपवर लावलेलं कोणाचं तरी जुनं भाषण. मास्तर केबिनमध्ये, हात मांडीवर. बाई खाली टॅबलेट घेऊन. ठरलं होतं की मास्तरांनी कशालाही हात लावायचा नाही. त्यांनी मिक्सरच्या पडद्याकडे डोळे लावले होते. पडद्यावर पहिल्या माइकची हिरवी पट्टी स्थिर होती.

पट्टी हलली.

आपोआप वर चढली. थांबली. जरा खाली आली. पुन्हा वर. मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे त्या क्षणी त्यांना प्रथम भीती वाटली, मग हसू आलं, मग त्यांनी काचेला नाक लावून खाली पाहिलं. खाली बायको बॅटरीशिवाय, रिकाम्या हाताने, एका बोटाने भाषण मोठं करत होती.

"हॅलो?" मास्तर केबिनच्या माइकवर म्हणाले.

"मीच आहे," बाई खालून ओरडल्या. "बघा, आता आडवी रेघ." त्यांनी पडद्यावर बोट ओढलं, आणि वक्त्याच्या आवाजातला गढूळपणा निघून गेला. बावीस वर्षं जी गोष्ट त्या उजेडाने सांगत आणि मास्तर अंदाजाने करत, ती मधल्या माणसावाचून झाली. मधला माणूस स्वतः नवरा असल्यामुळे तो खूशच होता.

त्यानंतर बाईंना आवरेना. गुडघे विसरून त्या सभागृहभर फिरल्या. पहिल्या रांगेतून आवाज कमी केला, बाल्कनीतून वाढवला, रंगमंचामागच्या पायरीवरून, ऑफिसच्या दारातून, शेवटी बायकांच्या स्वच्छतागृहातून. "इथूनही चालतंय हो!" हा निरोप त्यांनी तिथूनच दिला, आणि रंगमंचावरचा माइक पुरता चढवलेला असल्यामुळे तो सभागृहभर घुमला. ऑफिसातल्या कारकुनाने डोकं बाहेर काढून पाहिलं आणि परत आत घेतलं.

सगळ्यात शेवटी त्या शेवटच्या रांगेत, मधल्या खुर्चीत बसल्या. सभागृहात पाचशे बारा खुर्च्या. त्यांतल्या प्रत्येकीवर बाईंनी कोणाला ना कोणाला नेऊन बसवलं होतं. स्वतः त्या पहिल्यांदाच बसत होत्या. खुर्ची करकरली. "ही तेल मागतेय," त्या म्हणाल्या, आणि बसून राहिल्या.

सचिवांना दाखवलं तेव्हा त्यांनी प्रथम विचारलं की अँटेनेवर संस्थेचा क्रमांक का नाही. संस्थेच्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगात क्रमांक असतो, झाडूवरसुद्धा. अँटेना अंगठ्याएवढी, क्रमांक अकरा आकडी. शेवटी एका पुठ्ठ्यावर क्रमांक लिहून तो दोऱ्याने अँटेनेला बांधला. मग सचिव मुद्द्यावर आले. "प्रयोग चांगला आहे. पण रिकाम्या हॉलमध्ये सगळंच चांगलं असतं. अठ्ठावीस तारखेला समूहगानाचा वार्षिक कार्यक्रम आहे. चार वाजता. हॉल भरणार. तिथे जर हे नीट चाललं, तर बाईंनी शेवटच्या रांगेत बसून हेच काम करावं, मी तसं पत्र काढतो. नाही चाललं तर एक तारखेला खिडकी. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या.

"आणि हातात बॅटरी दिसता कामा नये. उभं राहणं तर अजिबात नको. डॉक्टरांचं पत्र माझ्या फायलीत आहे."

अठ्ठावीस तारखेला सभागृह भरलं. दाराशी बॅटरी घेऊन कारकुनाला उभं केलं होतं; तो लोकांना त्यांच्या तोंडावर उजेड मारून बसवत होता. बाई शेवटच्या रांगेत, मांडीवर टॅबलेट. बॅटरी पिशवीत होती, सवयीने आणलेली. सचिव दहाव्या रांगेत, कोपऱ्यावर.

पहिला भाग कसा झाला, ते आम्ही सांगायचं तर आमच्याजवळ तुलनाच आहे. साठ गाणारी माणसं आणि आठ माइक. दरवर्षी आम्हाला त्यांतल्या माइकजवळच्या आठांचं गाणं ऐकू यायचं आणि उरलेल्या बावन्नांचे चेहरे दिसायचे. त्या दिवशी साठही ऐकू आले. मागच्या रांगेतला एक जाड भिंगाचा गृहस्थ गेली अकरा वर्षं खर्ज लावतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तोवर तो नुसता तोंड उघडतो अशीच आमची समजूत होती. बाईंचं बोट पडद्यावर चाललं होतं. एका माइकला कणभर वर, दुसऱ्याला खाली, कुठे घुमायला लागायच्या आत ते छाटलं. वर केबिनमध्ये मास्तर हिरव्या पट्ट्यांचा नाच पाहत बसले होते, आणि त्यांचा पाय ताल धरत होता. ह्या केबिनमध्ये कोणाचा पाय हलल्याचं हे पहिलंच उदाहरण.

मध्यंतरात सचिव मागे आले. "ठीक आहे," ते म्हणाले. त्यांच्याकडून ही मोठी पावती. "फक्त एक. लोक मोबाइल फार बघतात. घोषणा करायला सांगतो."

दिवे गेले. घोषणा झाली: कृपया आपले मोबाइल व इतर उपकरणे बंद करावीत.

आणि बाईंनी टॅबलेट बंद केला.

यात विचार असा काही नव्हता. बावीस वर्षं ती घोषणा झाली की बाई रांगारांगांतून चालत आणि चमकणारा प्रत्येक पडदा विझेपर्यंत तिथून हलत नसत. आता स्वतःच्याच मांडीवर पडदा चमकतोय म्हटल्यावर बोट आपसूक गेलं. अर्ध्या मिनिटाने त्यांना आपण काय केलं ते कळलं आणि त्यांनी तो पुन्हा चालू केला. पडद्यावर मिक्सर नव्हता. एक ओळ होती: जोडणी शक्य नाही, जागा शिल्लक नाही.

रंगमंचावर पहिलं गीत सुरू झालं होतं. डावीकडचा तिसरा माइक किंचित गुणगुणू लागला होता.

बाईंनी ओळ तीनदा वाचली. जागा शिल्लक नाही म्हणजे काय? मग बासष्टावं पान आठवलं, आणि ह्या वेळी त्या तळटीपेची उरलेली ओळही: ह्या अँटेनेवर एका वेळी आठच उपकरणं जोडता येतात. त्यांनी मान वर केली. काळोखात इथे, तिथे, पुढे, निळसर चेहरे. सभागृहाचं नाव असलेलं, कुलूप नसलेलं नेटवर्क. लोकांना वाटलं संस्थेने फुकट इंटरनेट दिलंय. इंटरनेट त्यात थेंबभर नव्हतं. पण फुकट मिळणारी वस्तू मिळत नाही एवढ्याच कारणाने ती सोडून देणारा माणूस अजून जन्मायचा आहे. सात जण पहिल्या भागातच लागले होते. आठवी जागा बाईंची. त्या अर्ध्या मिनिटासाठी उठल्या आणि कोणीतरी तिथे रुमाल टाकला.

आठ बिनतिकिटी, आणि दार उघडं ठेवणाऱ्या त्या स्वतः.

तिसरा माइक आता गुणगुणत नव्हता, गात होता. मास्तरांना काचेआड ते कळणं शक्य नव्हतं. ते अजून ताल धरून बसले असणार. पुढच्या मिनिटाला शिट्टी, आणि मग दहाव्या रांगेतून सचिवांची मान वळणार.

बाईंनी पिशवीत हात घातला, बॅटरी काढली, आणि उभ्या राहिल्या.

काचेवर उजेडाचा गोल फिरला. केबिनमध्ये मास्तर दचकले. त्यांचा हात मात्र दचकला नाही, तो बावीस वर्षांच्या सवयीने मिक्सरच्या मुठीवर गेला. घुमणं थांबलं. मग एक लुकलुक, मग दोन. जुना कारभार पुन्हा चालू झाला, आणि बरा चालला. पण बाईंचे गुडघे चालेनात. तीन गीतं बाकी होती, आणि दहाव्या रांगेतल्या कोपऱ्यावर सचिवांची मान पहिल्यांदा हलली होती.

दाराला कुलूप लावा, असं मास्तरांना सांगायचं होतं. उजेडाच्या भाषेत पाच शब्द. त्यांत कुलूप नव्हतं.

बाईंनी हवेत किल्ली काढून पाहिली. किल्लीचं डोकं गोल. मास्तरांनी घुमतंय समजून पाचव्या माइकचा खर्ज छाटला. जाड भिंगांचे गृहस्थ पुन्हा नुसतं तोंड उघडणारे झाले. बाईंनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी मागे वळून बॅटरी दाराच्या कडीवर धरली. कडीवरून काचेवर. काचेवरून पुन्हा कडीवर. लोखंडी कडी, काच, कडी. दाराशी उभ्या असलेल्या कारकुनाला वाटलं की आपल्यालाच काही सांगतायत. त्याने घाईघाईने दार लोटलं.

वर मास्तर काचेला नाक लावून उभे होते. कडी. काच. कडी. बायको जन्मात कधी कुलूप लावा म्हणाली नव्हती. ज्या अर्थी ती आता म्हणतेय त्या अर्थी, मास्तरांनी मनात हिशेब केला, मुलगी बरोबर होती: नेटवर्कमध्ये लोक शिरले होते. ते मिक्सरपुढे बसले. एकच मूठ, ती फिरवायची आणि एकेक इंग्रजी अक्षर निवडायचं. आधी नेटवर्कचं नाव बदलायचं, नाहीतर तेच लोक पुन्हा दार ठोठावणार. असं नाव हवं की ज्याच्याकडे कोणी वळूनही पाहणार नाही. मास्तरांना ऑफिसचा कोपरा आठवला. तिथे एक यंत्र तीन वर्षं उभं आहे, त्यावर एक कागद चिकटवलेला आहे, आणि तीन वर्षांत त्याच्या वाऱ्याला कोणी उभं राहिलेलं नाही. त्यांनी मूठ फिरवायला घेतली: प्रिंटर बिघडला. मग कुलूप. कमीत कमी आठ अक्षरं हवीत, असं मिक्सर म्हणाला. मास्तरांना एकच शब्द येत होता. तो त्यांनी दोनदा लिहिला.

खाली आठ निळे चेहरे एकामागून एक विझले. बाईंनी टॅबलेटकडे पाहिलं. सभागृहाचं नाव गेलं होतं. त्या जागी प्रिंटर बिघडला. एक क्षण त्यांना कळेना, मग हसू फुटलं; ते त्यांनी पदराने दाबलं. त्यांनी त्या बिघडलेल्या प्रिंटरवर बोट ठेवलं. पासवर्ड मागितला.

ह्या माणसाने काय लिहिलं असेल, ह्याचा विचार करायला बाईंना एका श्वासापेक्षा जास्त वेळ लागला नाही. हॅलोहॅलो, त्यांनी टाइप केलं.

आठही हिरव्या पट्ट्या पडद्यावर उगवल्या.

बाई बसल्या. खुर्ची करकरली नाही. तेल घातलेलं होतं. पाचव्या माइकचा खर्ज परत आला आणि जाड भिंगांचे गृहस्थ पुन्हा गायला लागले. शेवटचं गीत हळू होतं. मधे एक जागा येते जिथे साठ जण थांबतात आणि समोरची एक म्हातारी एकटी, जवळजवळ कुजबुजत, दोन ओळी म्हणते. दरवर्षी ह्या दोन ओळी पहिल्या तीन रांगांत संपत. बाईंनी सगळ्या पट्ट्या तळाशी नेल्या आणि एकच, अगदी सावकाश, वर आणली. ती कुजबुज सतराव्या रांगेच्या डावीकडे, जिथे शब्द भिंतीत जातात म्हणतात, तिथे आमच्या कानाशी येऊन बसली.

आणि मागून उजेडाचा एक झोत सरळ छताकडे गेला. बसल्या जागेवरून.

मास्तरांनी वही काढली.

टाळ्या संपल्यावर सचिव मागे आले. बाई बॅटरी पिशवीत लपवायच्या बेतात होत्या. त्यांनी ती लपवली नाही.

"बाई, तुम्ही मध्ये उभ्या होतात."

"होते साहेब. अर्धं गीत."

"आणि बॅटरी."

"तीही होती."

सचिवांनी दाराशी उभ्या कारकुनाकडे पाहिलं. "खिडकीवर कारकुनाला बसवावं म्हणतो," ते म्हणाले. "दाराशी त्याचं काही खरं नाही. आज माझ्या तोंडावर उजेड मारला त्याने. तुमचं पत्र सोमवारी काढतो. शेवटची रांग, मधली खुर्ची. तिच्यावर क्रमांक टाकून घ्या."

"बरं साहेब."

सचिव दोन पावलं गेले आणि परत आले. खिशातून त्यांनी स्वतःचा मोबाइल काढला आणि चष्मा कपाळावर सरकवून पडदा डोळ्यांजवळ नेला. "एक विचारायचं राहिलं. पहिल्या भागापासून मला इथे आपल्या हॉलचं इंटरनेट लागलेलं दिसत होतं. येत काही नव्हतं, पण लागलेलं होतं. मध्येच ते गेलं आणि आता हे दिसतंय." त्यांनी मोबाइल पुढे केला. "आपला ऑफिसातला प्रिंटर कोणी दुरुस्त करायला घेतलाय का?"

बाईंनी वर काचेकडे पाहिलं. काचेला नाक लागलेलं होतं.

"नाही साहेब," त्या म्हणाल्या. "बिघडलेलाच आहे. तसाच राहू द्या."